ग्लासफिशचं एएसअ‍ॅडमिन: सर्व्हरच्या पोटात काय चालू आहे ते सांगणारं साधन

सर्व्हरची प्रोसेस उभी आहे, ८०८० पोर्ट उत्तर देतंय, मेमरी पुरेशी आहे, आणि तरीही शाखेतून फोन येतो की पिग्मीची रक्कम खात्याला लागत नाहीये. जावा अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा पेच ओळखीचा असेल. बाहेरून सगळं ठणठणीत आणि आतला एखादा भाग बंद. अशा वेळी सर्व्हरलाच विचारता आलं पाहिजे की बाबा, तुझ्यात काय काय बसवलंय आणि त्यातलं आत्ता काय काम करतंय. ग्लासफिश या जावा सर्व्हरसोबत येणारं एएसअ‍ॅडमिन हे त्यासाठीचं माझं रोजचं, आज्ञा टाइप करून वापरायचं साधन. हे परीक्षण त्याचंच, आणि कसोटी एकच: आतल्या स्थितीबद्दल ते किती खरं सांगतं.

मी साताऱ्यात, पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत सर्व्हर बघते. आमचे सर्व्हर बहुतेक पतसंस्थांच्या मुख्य कार्यालयातच असतात: कुठे वाईला, कुठे कोरेगावला, कुठे पाटणच्या आत. एकाच इअर फाइलमध्ये, म्हणजे जावाचे सगळे भाग एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये, आमचं सगळं घर भरलेलं असतं. काउंटरवरची वेब स्क्रीन, व्याज काढणारे सेशन बीन (बीन म्हणजे सर्व्हरने सांभाळायचा जावा कोडचा एक तुकडा), पिग्मी मशीनचा डेटा उचलणारं सिंगलटन बीन, सभासदांना एसएमएस पाठवणारं मेसेज-ड्रिव्हन बीन. यातला एक भाग आडवा झाला तरी बाकीचे चालू राहतात, म्हणून तर शोध घेणं अवघड होतं.

साधनाची ओळख थोडक्यात. ग्लासफिश हा सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ साली खुला केलेला प्रकल्प. २००९ च्या डिसेंबरात तिसरी आवृत्ती आली तेव्हा त्याची आतली बांधणी ओएसजीआय मॉड्यूलवर, म्हणजे सुट्या जोडता-काढता येणाऱ्या भागांवर, गेली. पुढे सन ओरॅकलकडे गेली, २०१३ मध्ये ओरॅकलने त्याचा व्यावसायिक सपोर्ट पुढच्या आवृत्त्यांना न देण्याचं जाहीर केलं, त्यातून पयारा हा वेगळा फाटा निघाला, आणि मूळ ग्लासफिश एक्लिप्स फाउंडेशनकडे गेला. तिथे तो आजही वाढतोय. या सगळ्या स्थित्यंतरात एएसअ‍ॅडमिन मात्र टिकून राहिलं. जुन्या सर्व्हरवर शिकलेल्या बहुतेक आज्ञा आजच्या ग्लासफिशवरही चालतात आणि पयारावरही. आमच्यासारख्या, एका गिऱ्हाइकाकडे जुनी आवृत्ती आणि दुसऱ्याकडे नवी अशी कसरत करणाऱ्यांना याची किंमत कळते.

पहिली आज्ञा लिस्ट-अ‍ॅप्लिकेशन्स. जुने लोक लिस्ट-कंपोनंट्स लिहितात, तीही चालते. नुसती दिली तर अ‍ॅप्लिकेशनचं नाव आणि पुढे प्रकार येतो: वेब, ईजेबी (वर सांगितलेली बीन), कनेक्टर, अ‍ॅपक्लायंट वगैरे. एकाच अ‍ॅप्लिकेशनपुढे दोन-तीन प्रकार असू शकतात. सोबत लाँग हा पर्याय दिला की स्थितीचा रकाना मिळतो, एनेबल्ड किंवा डिसेबल्ड. काहीच बसवलेलं नसेल तर "नथिंग टू लिस्ट" एवढंच उत्तर. एकाच अ‍ॅप्लिकेशनची स्थिती हवी असेल तर शो-कंपोनंट-स्टेटस आणि पुढे नाव.

इथे मला पहिला गंभीर आक्षेप नोंदवायचा आहे, कारण नवीन माणूस नेमका इथेच फसतो. ही यादी येते डोमेनच्या कॉन्फिगरेशनमधून, म्हणजे डोमेन डॉट एक्सएमएलमध्ये जी नोंद आहे तिच्यावरून. कारखान्यातल्या हजेरीपटासारखं आहे हे: पटावर नाव आहे म्हणजे माणूस कामावर घेतलेला आहे, तो आत्ता यंत्रापाशी उभा आहे की नाही हे पट सांगत नाही. सर्व्हर रीस्टार्ट झाला, डेटाबेस अजून उठलेला नव्हता, अ‍ॅप्लिकेशन लोड होताना अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे चालताना आलेली चूक) फेकून पडलं, तरी नोंदीत ते एनेबल्डच असतं. सर्व्हर लॉगमध्ये मात्र लांबलचक अपवाद पडलेला असतो. आमच्याकडच्या नव्या मुलाला मी पहिल्याच आठवड्यात हे सांगते: एनेबल्ड वाचून फोन ठेवायचा नाही.

मग खरा कस लागतो तो लिस्ट-सब-कंपोनंट्सला. माझ्या मते एएसअ‍ॅडमिनमधली ही सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी आज्ञा आहे. अ‍ॅप्लिकेशनचं नाव दिलं की त्याच्या पोटातले भाग एकेक करून समोर येतात: अमुक बीन, प्रकार स्टेटलेस सेशन बीन, तमुक बीन, प्रकार मेसेज-ड्रिव्हन, अमुक सर्व्हलेट (वेबवरच्या विनंतीला उत्तर देणारा भाग). टाइप पर्यायाला ईजेबीज किंवा सर्व्हलेट्स दिलं की तेवढेच दिसतात. इअरमधल्या एखाद्याच मॉड्यूलपुरतीही यादी मागता येते. सर्व्हरला तुमचा कोड कसा दिसला हे यातून कळतं. तुम्ही वर्गावर (क्लासवर) सर्व्हरसाठीची खूण, म्हणजे अ‍ॅनोटेशन लिहिलं असेल, तुमच्या संगणकावर ते चाललंही असेल, पण सर्व्हरने ते बीन म्हणून ओळखलंच नसेल तर ते या यादीत नसतं. मग तासभर डिबगर लावून बसायची गरज नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जकार्ताच्या बदलातलं आहे. जकार्ता ईई हे जावा ईईचं नवं नाव. त्याच्या ९ व्या आवृत्तीपासून त्यातल्या पॅकेजांची नावं जावाएक्सवरून जकार्तावर गेली. ग्लासफिश ६ आणि त्यापुढच्या आवृत्त्या नवीच नावं ओळखतात. आता एखाद्या गिऱ्हाइकाकडे सर्व्हर ग्लासफिश ७ वर नेला आणि जुनी, केवळ अ‍ॅनोटेशनवर चालणारी वॉर (फक्त वेबच्या भागाची) फाइल तशीच चढवली तर काय होतं? डिप्लॉय बिनबोभाट पार पडतं. लिस्ट-अ‍ॅप्लिकेशन्समध्ये नाव, वेब हा प्रकार, एनेबल्ड ही स्थिती, सगळं जागच्या जागी. पण ब्राउझरमध्ये आपल्या प्रत्येक पत्त्याला ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. कारण जुन्या नावाचं वेबसर्व्हलेट अ‍ॅनोटेशन सर्व्हरच्या लेखी आता कुणीच नाही. लिस्ट-सब-कंपोनंट्स दिलं की आपल्या सर्व्हलेटांची नावंच यादीत नाहीत हे दिसतं, आणि उत्तर मिळतं. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे असंच झालं होतं. कुणी फायरवॉल तपासत होतं, कुणी कॉन्टेक्स्ट रूट बदलून बघत होतं. यादी काढली आणि वाद मिटला.

त्यानंतर माझ्यातर्फे या आज्ञेचा एक कायमचा वापर ठरलेला आहे. प्रत्येक नवी आवृत्ती चढवण्याआधी सब-कंपोनंट्सची यादी फाइलमध्ये काढून ठेवते, चढवल्यावर पुन्हा काढते, आणि दोन फाइलींचा फरक बघते. एखादं बीन गायब झालं असेल तर ते शाखा उघडण्याआधी कळतं. मार्चअखेरच्या दिवसांत तर ही तुलना केल्याशिवाय मी लॅपटॉप मिटत नाही.

आवृत्त्यांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. ग्लासफिश ३.१ पासून अ‍ॅप्लिकेशनच्या नावापुढे विसर्गासारखं दिसणारं कोलनचिन्ह (:) देऊन आवृत्ती लिहिता येते, आणि एकाच नावाच्या अनेक आवृत्त्या सर्व्हरवर ठेवता येतात. एका टार्गेटवर त्यातली एका वेळी एकच एनेबल्ड. लाँगची यादी काढली की कुठली आवृत्ती जागी आहे आणि कुठल्या बाजूला ठेवल्या आहेत हे एका नजरेत दिसतं, आणि गडबड झाली तर जुनी एनेबल करून परत यायला एक ओळ पुरते. "मॅडम, काल केलेला बदल दिसत नाय," असं कुणी म्हणालं की मी आधी हीच यादी बघते. निम्म्या वेळा नवी आवृत्ती चढवलेली असते पण एनेबल केलेली नसते.

अ‍ॅप्लिकेशनच्या खालचा थर म्हणजे सर्व्हरचे स्वतःचे भाग. लिस्ट-कंटेनर्स दिलं की वेब, ईजेबी, जेपीए, कनेक्टर अशा कंटेनरांची माहिती मिळते. तिसऱ्या आवृत्तीपासूनची खुबी अशी की कंटेनर गरजेपुरते जागे होतात. ईजेबी असलेलं काही चढवलंच नाही तर तो कंटेनर उगाच मेमरी खात बसत नाही. त्यामुळे रिकाम्या सर्व्हरवर काही भाग झोपलेले दिसले तर घाबरायचं कारण नाही. लिस्ट-मॉड्यूल्स त्याहून खोल जातं, सगळी मॉड्यूल आणि त्यांची रेडी-न्यू अशी स्थिती ओततं. यादी एवढी लांब असते की ग्रेप (हव्या त्याच ओळी गाळून देणारी आज्ञा) लावल्याशिवाय तिचा उपयोग नाही. मला ती वर्षातून क्वचित लागते, आणि अ‍ॅप्लिकेशन लिहिणाऱ्याला बहुधा कधीच लागणार नाही.

जे रोज लागतं ते म्हणजे पिंग-कनेक्शन-पूल. पूल म्हणजे डेटाबेसला आधीच जोडून ठेवलेल्या जोडण्यांचा साठा. त्याचं नाव दिलं की सर्व्हर स्वतः डेटाबेसला जोडून बघतो आणि जमलं की नाही ते सांगतो. नाही जमलं तर डेटाबेसकडून आलेला निरोप तिथेच वाचायला मिळतो. पासवर्ड बदलला, डेटाबेसचा आयपी बदलला, लिसनर बंद आहे, हे ओळखायला यापेक्षा जवळचा रस्ता नाही. सर्व्हरच्या मशीनवरून डेटाबेसला वेगळ्या साधनाने जोडून बघणं आणि सर्व्हरच्या पूलमधून जोडून बघणं यात फरक आहे, आणि आपल्याला दुसरं हवं असतं. लिस्ट-जेएनडीआय-एंट्रीज हे त्याचं भावंड. जेएनडीआय म्हणजे सर्व्हरमधली नावांची नोंदवही. रिसोर्स ज्या नावाने कोड शोधतोय त्या नावाने तो खरंच नोंदलेला आहे का, हे त्यातून दिसतं.

टायमरच्या बाबतीत मी इतकी समाधानी नाही. लिस्ट-टायमर्स फक्त टिकाऊ, म्हणजे डेटाबेसमध्ये नोंद होणाऱ्या टायमरबद्दल बोलतं. शेड्यूल अ‍ॅनोटेशन मुळात टिकाऊच असतं, पण पुष्कळ जण पर्सिस्टंट फॉल्स लिहून मोकळे होतात, आणि मग त्या टायमरचा या आज्ञेला पत्ताच नसतो. आमचं पिग्मी उचलणारं बीन याच प्रकारचं. त्यासाठी मला अखेर कोडमध्येच प्रत्येक फेरीला लॉगची एक ओळ घालून घ्यावी लागली. ज्यांनी जावाच्या बॅच प्रणालीवर रात्रीची कामं लिहिली आहेत त्यांचं बरं आहे. चौथ्या आवृत्तीपासून लिस्ट-बॅच-जॉब्स आणि लिस्ट-बॅच-जॉब-एक्झिक्युशन्स आहेत. कुठलं काम सुरू झालं, कधी संपलं, फसलं की पूर्ण झालं, सगळं दिसतं. व्याज आकारणी आम्ही याच कारणासाठी तिकडे हलवली.

भाग जागा आहे हे कळलं, पण त्याच्याकडे काम येतंय का? इथे मॉनिटरिंग लागतं. मुळात ते बंद असतं, सगळ्या मॉड्यूलांची पातळी ऑफ. एनेबल-मॉनिटरिंगने हवं तेवढंच मॉड्यूल लो किंवा हायवर नेता येतं, आणि त्यासाठी सर्व्हर रीस्टार्ट करावा लागत नाही. मग गेट मॉनिटर लावून आकडे मागायचे. वेब रिक्वेस्टखालचे रिक्वेस्टकाउंट आणि एररकाउंट हे दोन आकडे मी आधी बघते. दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मागितले आणि रिक्वेस्टकाउंट हललाच नाही, तर दोष सर्व्हरच्या आत शोधण्यात अर्थ नाही. विनंती इथवर पोचतच नाहीये. काम झालं की पातळी परत खाली आणावी. जुन्या मशीनवर सगळं हायवर ठेवलं तर भार जाणवतो. आकड्यांची नावं लांब आणि ठिपक्यांनी जोडलेली आहेत, पाठ होत नाहीत. आधी लिस्ट मॉनिटरने झाड बघायचं आणि मग हवी ती फांदी पकडायची.

आणि सगळं काही हललं नाही, स्क्रीन नुसती फिरत राहिली, तर जनरेट-जेव्हीएम-रिपोर्ट, प्रकार थ्रेड. कुठला धागा कुठे अडकलाय ते समोर येतं. एकमेकांसाठी थांबलेले धागे यातच सापडतात.

हे सगळं ४८४८ पोर्टवरच्या अ‍ॅडमिन कन्सोलमध्येही दिसतं, मग कमांड लाइनचा हट्ट कशाला, असं मला विचारतात. पाटणसारख्या ठिकाणी पावसाळ्यात इंटरनेटची लाइन इतकी कमी होते की कन्सोलचं पहिलं पान उघडेपर्यंत समोरच्याचा धीर सुटतो. एसएसएचवरून (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे आज्ञा देण्याच्या सोयीतून) एक ओळ पाठवणं आणि चार ओळी परत वाचणं तेवढ्या लाइनीतही जमतं. शिवाय एएसअ‍ॅडमिनचं उत्तर स्क्रिप्टमध्ये घेता येतं. टर्स हा पर्याय दिला की शेवटची "एक्झिक्युटेड सक्सेसफुली" ही ओळ गळते आणि नुसती माहिती उरते. आज्ञा फसली तर एक्झिट कोड शून्य नसतो. मात्र एक जपा: अ‍ॅप्लिकेशन डिसेबल्ड असलं तरी शो-कंपोनंट-स्टेटस ही आज्ञा यशस्वीच झालेली असते, त्यामुळे स्क्रिप्टने कोडवर न थांबता मजकूरही तपासायला हवा.

वेग हा उणेपणा. प्रत्येक आज्ञेला नवीन जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं यंत्रण) उभं राहतं, त्यामुळे साध्या प्रश्नालाही क्षणभर थांबावं लागतं, आणि जुन्या मशीनवर ते क्षण लांबतात. पाच-सहा प्रश्न विचारायचे असतील तर नुसतं एएसअ‍ॅडमिन टाइप करून आत शिरावं आणि तिथून एकामागून एक आज्ञा द्याव्यात. किंवा सगळ्या आज्ञा एका फाइलमध्ये लिहून मल्टिमोडला ती फाइल द्यावी. माझी सकाळची तपासणी अशाच एका फाइलवर चालते.

इतरांशी तुलना करायची तर टॉमकॅटपासून सुरुवात करू. टॉमकॅटच्या मॅनेजरची मजकुरी यादी फार सुटसुटीत आहे: प्रत्येक ओळीत पाथ, रनिंग किंवा स्टॉप्ड, चालू सेशनची संख्या. सेशनची संख्या तिथल्या तिथे मिळते हे मला फार आवडतं, एएसअ‍ॅडमिनच्या साध्या यादीत ती नाही. पण टॉमकॅटमध्ये ईजेबी नाहीत, मेसेजिंग नाही, त्यामुळे त्याला सांगायचंच कमी असतं. खरी स्पर्धा वाइल्डफ्लायच्या जेबॉस सीएलआयशी. तिथे डिप्लॉयमेंट इन्फो दिलं की एनेबल्ड हा एक रकाना आणि स्टेटस हा दुसरा, वेगळा. स्टेटसमध्ये ओके, फेल्ड किंवा स्टॉप्ड. म्हणजे नोंद काय म्हणते आणि प्रत्यक्षात काय घडलं, दोन्ही शेजारी शेजारी. शिवाय रीड-बूट-एरर्स नावाची क्रिया आहे, जी सर्व्हर उठताना काय काय पडलं ते एकत्र करून देते. ग्लासफिशमध्ये यासाठी लॉग उपसावा लागतो. या एका बाबतीत वाइल्डफ्लाय निर्विवाद पुढे आहे. पण त्याची आज्ञा लिहिण्याची रीत, ते तिरके दंड, कोलन आणि कंसातले पर्याय, नव्या माणसाच्या हातात बसायला वेळ लागतो. टॅब दाबून पुढचं पद मिळतं हे खरं, तरीही रात्री अकरा वाजता फोनवरून कुणाला तरी ती आज्ञा सांगून बघा. एएसअ‍ॅडमिनच्या आज्ञा साध्या शब्दांच्या आहेत. पतसंस्थेतल्या संगणक बघणाऱ्या मुलाला मी फोनवर "लिस्ट, डॅश, अ‍ॅप्लिकेशन्स" म्हणते आणि तो ती बिनचूक लिहितो. मला हे गुण फार मोठे वाटतात.

सुरक्षेबद्दल दोन ओळी, कारण हे साधन जितकं सांगतं तितकंच करूही शकतं. झिपमधून काढलेल्या ग्लासफिशमध्ये अ‍ॅडमिन या वापरकर्त्याला पासवर्डच नसतो. पहिलं काम चेंज-अ‍ॅडमिन-पासवर्ड. दुसऱ्या मशीनवरून कारभार करायचा असेल तर एनेबल-सिक्युअर-अ‍ॅडमिन करून रीस्टार्ट. पासवर्ड रिकामा असेल तर ते होतच नाही, आणि हे बंधन घातलं ते फार योग्य केलं. ४८४८ पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवू नका, कुणी कितीही घाई केली तरी. आम्ही ते मशीनपुरतंच ठेवतो आणि एसएसएचने आत जातो.

साधन फुकट आहे, सर्व्हरच्या झिपमध्येच बिन फोल्डरमध्ये येतं, वेगळं काही बसवावं लागत नाही. ज्यांच्याकडे एकच वॉर आहे आणि ती टॉमकॅटवर सुखात आहे त्यांनी यासाठी सर्व्हर बदलू नये. पण इअरमध्ये बीन, रांगा, टायमर असा पसारा असेल आणि सांभाळणारी माणसं दोन-तीनच असतील, तर ग्लासफिश किंवा पयारा निवडताना या साधनाला मी निवडीच्या कारणांत वरचा क्रमांक देईन.

ग्लासफिशवर काम करणाऱ्यांकडे माझी मागणी एकच आहे. लिस्ट-अ‍ॅप्लिकेशन्सच्या लाँग यादीत आणखी एक रकाना घाला: अ‍ॅप्लिकेशन या क्षणी मेमरीत लोड झालेलं आहे की नाही. ती माहिती सर्व्हरकडे असतेच, मग ती यादीतही दिसू द्या.